विकत घेतलेली वर्षं

अहो, तुमचा हमूर अजून फ्रीजरमध्ये आहे. त्या शुक्रवारी सकाळी मनामाच्या मासळीबाजारात घासाघीस करून घेतलात, आणि पिशवी हातात असतानाच गाडीपाशी जे खाली बसलात ते उठला नाहीत. तुम्हाला हॉस्पिटलात नेलं. पिशवी इस्माईलभाईंनी घरी आणली आणि मला म्हणाले, भाभी, चला. मी काय केलं असेल, तर मासा खराब होईल म्हणून आधी तो फ्रीजरमध्ये टाकला आणि मग चपला घातल्या. नवरा तिकडे जातोय आणि ही बया मासा सांभाळतेय. मग तुम्हाला घेऊन गावी गेले, विमानात मी वर आणि तुम्ही खाली सामानात. दिवसवार झाले. घर आवरायला म्हणून आता परत आलेय, तर तो आहे तिथंच, डोळे उघडे ठेवून. बर्फ काढायला दार उघडते आणि लगेच लावते. शिजवायचा धीर होत नाही आणि टाकायचा तर मुळीच होत नाही.

माझा व्हिसा तुमच्या नावावर होता. तुम्ही नाही म्हटल्यावर मीही इथली नाही. तुमच्या कंपनीनं थोडी मुदत मिळवून दिलीय, तेवढ्यात सगळा संसार खोक्यांत भरायचाय. भरत काही नाही. एसी बंद केला की तुमचं खाकरणं ऐकू येतं. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभं राहायची तुमची जागा, तिथून जाताना मी अजून अंग चोरते. परवा तर चक्क म्हटलं, "सरका ना जरा." म्हटल्यावर कळलं. मग ओट्याला धरून उभी राहिले आणि पुष्कळ वेळ रडले, कारण तुम्ही सरकला नव्हतात.

इस्माईलभाई सोमवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर आले. हे तुमचे श्रीवर्धनचे दोस्त, अदलियात इंग्रज कंपनीच्या ऑफिसात हिशेबाला आहेत आणि इंग्रजी कागद वाचण्यात तुमचे गुरू. चहा घेतला, तुमच्या खुर्चीत बसले नाहीत, वेताच्या मोड्यावर बसले.

"भाभी, वसंतभाऊंनी तुमच्यासाठी काय करून ठेवलंय, ठाऊक आहे?"

"दर वर्षी विलायतेला ड्राफ्ट जायचा, एवढं ठाऊक आहे. त्यावरून भांडायचो आम्ही."

"मग आता भांडू नका, ऐकून घ्या," ते म्हणाले आणि सांगत बसले. विलायतेचं सरकार म्हातारपणी पेन्शन देतं, पण हप्त्यांवर. तुम्ही सोळाव्या वर्षी तुमच्या वडिलांकडे तिकडे गेलात, फाउंड्रीत लागलात, तेव्हा तो हप्ता पगारातून कापला जायचा. तिथून निघाल्यावर कापायला कुणी नव्हतं, म्हणून इथं बहारीनमध्ये बसून तुम्ही तो आपल्या खुशीनं भरलात. मर्जीचे हप्ते, असं इस्माईलभाई म्हणाले. जितकी वर्षं भरलेली, तितकी पेन्शन. ठरलेल्या वर्षांचा चौथा हिस्साही भरला नसेल, तर काहीच नाही. पुरुषाला ती पासष्टीला मिळते, आणि तो आधीच गेला तर बायकोला त्याच्या हप्त्यांवर विधवा पेन्शन.

"आणि बघा, माणूस लवकर गेला तर त्याच्याकडून पूर्ण आयुष्याची वर्षं मागत नाहीत. वसंतभाऊंचे हप्ते जवळजवळ पुरे आहेत."

"म्हणजे लवकर गेल्याची सवलत," मी म्हटलं.

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "फक्त एक अट आहे, भाभी. लहान मूल असतं तर गोष्ट वेगळी, पण आपला समीर एकोणीसचा झाला. तेव्हा नवरा गेला त्या दिवशी बायकोला पंचेचाळीस पुरी हवीत. तुमचं वय काय?"

"बेचाळीस."

अहो, विचारलं आणि निघालं तोंडातून. वीस वर्षांची सवय. इस्माईलभाईंनी पेन खिशाला लावलं. म्हणाले, एकदाच मिळतात ते थोडे पैसे मिळतील, पण कायमची पेन्शन खलास. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, दार लावलं आणि चौकटीकडे बघून म्हटलं, "बघा. ऐकलंत?"

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. हे जगात तिघांनाच पक्कं ठाऊक होतं, त्यातले तुम्ही गेलात. माझा भाऊ दादा, तो तर मागंच गेला. म्हणजे आता मी एकटीच.

आपली शाळा एका मास्तरांची. तुम्ही दुसरीत, मी चौथीत. मास्तर तंबाखू मळायला ओटीवर गेले की तुमच्या वर्गाचे पाढे मी घ्यायची. सतराच्या पाढ्याला तुम्ही हमखास अडकायचात आणि मी तुमचा कान धरायची. हे तुम्ही लग्नानंतरही विसरला नाहीत. नवऱ्याचा कान आधी धरून मग गळ्यात माळ घालणारी तालुक्यात तू एकटीच, म्हणायचात. पुढं तुम्ही विलायतेला गेलात आणि मी त्याच शाळेत मास्तरीण झाले. माझ्या आईचं आजारपण काढता काढता लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. अठ्ठावीस म्हणजे त्या काळी आमच्याकडे बसलेली मुलगी. तुम्ही दहा वर्षांनी परत आलात, कोट घालून शाळेच्या दारात उभे राहिलात आणि सगळ्या पोरांसमोर सतराचा पाढा म्हटलात. त्यातही एकदा चुकलात. मी पोरांना गप्प करायचं सोडून हसत बसले.

तुमच्या आईंनी दादाला विचारलं, मुलगी केवढी? दादानं बावीस सांगितलं. सहा वर्षं उडवली, डोळ्याची पापणी न हलवता. तुम्ही शाळा शिकलात ती आजीपाशी राहून; आई इतकी वर्षं माहेरच्या गावी, आपल्या वाडीत नुकत्याच उतरलेल्या, त्यांना माझी इयत्ता कोण सांगणार? तुम्ही शेजारीच बसला होतात आणि चहा ढवळत होतात. साखर विरघळून गेली तरी ढवळत होतात.

असं का केलंत ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. मी आणि आई मागच्या पडवीत नारळ खवत होतो. खालच्या वाडीतल्या सुमनचा नवरा बुडाला, त्याचं बोलणं निघालं. आई म्हणाल्या, "अगो, ती त्याच्याहून मोठी होती. घोवापेक्षा बायको मोठी असली की घोव लवकर जातो. तिच्या आईबापसानी लपवलान, नि हिचा कपाळ गेला." म्हणाल्या त्या सुमनबद्दलच, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण विळीवर माझा हात थांबला. तुम्ही दारात होतात. तुम्ही ऐकलंत. रात्री तुम्ही मला समजावलंत की आई जुन्या वळणाची आहे, तिला कशाला बोचणी लावायची, तिच्या हयातीत हे निघायला नको. मी म्हटलं, नाही निघणार. तेव्हा ते वचन फार हलकं वाटलं होतं.

मग बहारीनला यायचं ठरलं आणि माझा पासपोर्ट काढायची वेळ आली. मी मास्तरीण, माझ्याकडे शाळेचा दाखला होता, त्यावर खरी तारीख होती. म्हणजे खरी म्हणायची ती आपली एक जून. मास्तरांनी अख्ख्या गावाला तीच दिलेली. वर्ष मात्र खरं होतं. तुम्ही तो दाखला ट्रंकेत तळाशी घातलात आणि तालुक्याच्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणलंत. मी किती भांडले. म्हटलं, सरकारी कागदावर खोटं लिहायचं, आणि तेही मी, जिनं पोरांना खोटं बोलले म्हणून ओणवं उभं केलं? तुम्ही म्हणालात, "अगं, बाईचं वय जगात कुठे नडतं? म्हातारीच्या हातात पासपोर्ट गेला तर ती कुणाकडून तरी वाचून घेईल. मला आई जगायला हवीय आणि तू हवीयस."

जगात कुठे नडतं ते आता सांगू का?

इथं आल्यावर आपली भांडणं सुरू झाली ती त्या ड्राफ्टवरून. मी सात वर्षांची नोकरी सोडून आले होते. दहा भरली असती तर माझी स्वतःची पेन्शन लागली असती, हे मी तुम्हाला बोलता बोलता शंभरदा ऐकवलं. तुमचं जहाजांच्या यार्डात शिकलेल्या भाषेतलं उत्तर ठरलेलं. इथल्या लोकांना सरकार पेन्शन देतं, आपल्याला मफी, म्हणजे काही नाही. नोकरी संपली की कंपनी हातावर काय टेकवील ते घ्यायचं आणि विमानात बसायचं. म्हणून दर वर्षी तुम्ही मनामाला बँकेत जायचात, ड्राफ्ट काढायचात आणि घरी येऊन सांगायचात, "आणखी एक वर्ष विकत घेतलं." मला त्या शब्दाचा राग यायचा. घरावर स्लॅब नाही, न्हाणीघराला दार नाही आणि हे राणीकडून वर्षं विकत घेतायत. कुवेतच्या लढाईच्या वर्षी ड्राफ्ट जायचा राहिला, तर तुम्हाला त्या सायरनपेक्षा त्या रिकाम्या वर्षाची धास्ती. मागचं वर्ष नंतर भरता येतं, हे इस्माईलभाईंनी शोधून काढलं तेव्हा कुठं तुम्ही पोटभर जेवलात.

आणि मला समजावून सांगायला बसलात की सुरुवातच चुकायची तुमची. "हे बघ, समजा, मी गेल्यावर..." झालं. मी दोन्ही कानांवर हात ठेवायची. खरोखर ठेवायची, हातांना कणीक असली तरी. भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका, म्हणायची. तुम्ही मग चौकटीला टेकून, माझे हात खाली यायची वाट बघत उभे राहायचात. आले की पुन्हा, "समजा, मी..." पुन्हा कानांवर हात. मग दोघं हसायचो. आणि विषय तिथंच राहायचा. समीर लहान असताना म्हणायचा, मम्मी पप्पा आर प्लेइंग अगेन.

त्यातलंच एक आता माझ्या डोक्यातून जात नाही. या जूनच्या एक तारखेला तुम्ही नेहमीसारखा हलवा घेऊन आलात. माझ्या खऱ्या नि खोट्या दोन्ही वाढदिवसांची तारीख तीच, म्हणून एकच डबा, हा आपला जुना विनोद. पण या वेळी डबा ठेवलात आणि म्हणालात, "बाईसाहेब, आज बेचाळीस. आणखी तीन काढ, मग मी सुटलो." मी म्हटलं, माझ्यापासून सुटायला तीन वर्षं थांबता कशाला, आजच जा. थट्टेत म्हटलं. तुम्ही हसलात आणि हलव्यातला काजू काढून माझ्या तोंडात घातलात.

सोमवारी इस्माईलभाई गेल्यावर मी बसले होते, तेव्हा ते आठवलं. बेचाळीस आणि तीन. अहो, तुम्हाला ठाऊक होतं. ती पंचेचाळीसची अट तुम्ही वाचली होतीत. माझ्या पासपोर्टनं मी त्यात बसत नाही, हे तुम्ही बघितलं होतंत आणि तरी गप्प राहिलात. पासपोर्टावरची मी पंचेचाळीसची होईपर्यंत आपण निभावून नेऊ, असा हिशेब केलात. मागची वर्षं विकत मिळायची, म्हणून पुढची तीनही मिळतील असं वाटलं का तुम्हाला? छातीत दुखतं म्हणून याच उन्हाळ्यात दोनदा सोडा पिऊन झोपलात, ते त्याच तीन वर्षांसाठी का? डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणालात, मला काय धाड भरलीय.

मला तुमचा इतका राग आलाय की तुम्ही समोर असता तर मी पुन्हा कान धरला असता. आणि इतकी माया येते की तो धरलेला हात तसाच गालावर ठेवला असता. माझ्यासाठी तुम्ही इतकी वर्षं ओव्हरटाइम करून वर्षं जमवलीत आणि आईंसाठी माझी सहा कापलीत. दोन्ही मायेपोटीच केलंत. कुणाशी भांडू मी?

राग एक वेळ परवडला. खरी गोष्ट सांगते, जी मी इस्माईलभाईंनाही सांगितली नाही. मला भीती वाटते. तुमच्या दहाव्याला आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझा काय दोष नाय गो बाय. कुंडली जुळलेली, वय जुळलेलं, तरी देवान नेलान." तो हात पाठीवर होता आणि मला वाटत होतं की ही माया माझी नाही, ही मी फसवून घेतलीय. आता मी गावी जाऊन शाळेतून वयाचा उतारा मागितला, तर संध्याकाळपर्यंत ते वाडीभर होईल आणि आईंच्या कानावर जाईल. मग त्या मला सुमन म्हणतील. म्हणोत. पण इथं या रिकाम्या घरात, एसी बंद झाल्यावर जी शांतता होते ना, त्यात मी स्वतःलाच तसं म्हणते. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टी मानत नाही. तरी वाटतं, की मी मोठी होते म्हणून तुम्ही सेहेचाळिसाव्या वर्षी गेलात. पेन्शन मागायची म्हणजे तेच माझ्या हातानं लिहून द्यायचं, आणि त्याचेच पैसे घ्यायचे.

म्हणून दोन दिवस ठरवलं होतं की नको. बेचाळीसच राहू दे. गावी जाऊन शिकवण्या घेईन, समीर शिकतोय तोवर कसंतरी ओढीन. मग काल समीरचा पुण्याहून फोन आला. फीचं बोलताना आवाज चाचरत होता, म्हणाला मी कॉलेज सोडून कॉल सेंटर का काय ते बघतो, इट्स ओके, मम्मी. ते ओके मला सहन झालं नाही. मी त्याला सगळं सांगून टाकलं.   तो म्हणाला, "यू वेअर पप्पाज मॉनिटर? रिअली?" आणि हसायला लागला. अगदी तुमच्यासारखा, नाकातून. हसता हसता रडायला लागला आणि मग मराठीत म्हणाला, जे तो कधी बोलत नाही, "मम्मी, पप्पा तुझ्यामुळे नाही गेले गं."

पोरानं सांगितलं म्हणून भीती गेली, असं नाही. पण फोन ठेवल्यावर मी फ्रीजर उघडला आणि हमूर बाहेर काढून परातीत ठेवला. त्याचा बर्फ सुटेपर्यंत बसून राहिले आणि एक साधा हिशेब मनात आला, जो इतक्या वर्षांत ना तुम्हाला सुचला ना मला. तुम्ही आता सेहेचाळीसच राहणार. मी वाढणार. पासपोर्टानं धरलं तरी आणखी चार वर्षांनी मी तुमच्याएवढी होईन, आणि पाचव्या वर्षी मोठी. मग कुठल्या वकिलाकडे जाणार होतात? मोठं तर मला व्हायचंच आहे. तुम्ही गेल्याच्या दिवसापासून तेच काम मला लावून गेलात.

तेव्हा आधी गावी जाऊन आईंना मीच सांगणार आहे, शाळेत जायच्या आधी, त्याच मागच्या पडवीत बसून. वचन मोडतेय, ते तुमच्या आईंच्या तोंडावर मोडते, चोरून नाही. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. घरात ठेवलं तर त्यांचंही औषधपाणी त्या पेन्शनीतून करीन, नाही ठेवलं तरी करीन. विलायतेच्या ऑफिसाला शाळेचा उतारा पटेल की नाही, देव जाणे. इस्माईलभाई म्हणतील, इंशाल्ला.

हमूर आज केला. कोकम घालून, तुम्हाला आवडतो तसा, तिखट जरा जास्त. एकटीनं सगळा संपवला नाही, इस्माईलभाईंसाठी ठेवलाय. ते चहाच्या वेळी येणारेत, मीच बोलावलंय. बसले की पहिल्यापासून पुन्हा विचारा म्हणणार आहे, नाव काय, वय काय. आणि मी ते मोठ्यानं सांगणार आहे. तुम्ही चौकटीला टेकून उभे असाल तर तिथंच उभे राहा, मी सरका म्हणणार नाही. फक्त या वेळी कानांवर हात तुम्ही ठेवा.